तरंग आणि प्रकाश (खगोलशास्त्र)

पदार्थ जागचा न हलवता ऊर्जा पुढे नेणारे आंदोलन म्हणजे तरंग. पैठणच्या नाथसागरात वाऱ्याने लाट उठते तेव्हा पाणी जवळपास जागच्या जागीच हिंदकळते. काठाकडे सरकतो तो लाटेचा आकार. लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतराला तरंगलांबी म्हणतात आणि एका सेकंदात एखाद्या बिंदूवरून जाणाऱ्या शिखरांच्या संख्येला वारंवारता. या दोहोंचा गुणाकार म्हणजे तरंगाचा वेग.

माध्यमाचे कण कोणत्या दिशेने हलतात यावरून तरंगांचे दोन प्रकार होतात. मराठवाड्याने हे दोन्ही ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात अनुभवले. भूकंपाचे प्राथमिक तरंग हे अनुतरंग असतात: खडक तरंगाच्याच दिशेने पुढे-मागे दाबला जातो. दुय्यम तरंग हे अवतरंग. त्यांत खडक प्रवासाच्या दिशेला काटकोनात हलतो. प्राथमिक तरंग कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने जातात, दुय्यम साधारण साडेतीन. त्यामुळे दीड-पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गावात दुसरा, जास्त हादरवणारा धक्का पहिल्यानंतर वीसेक सेकंदांनी पोहोचतो. उथळ भूकंपात प्राथमिक तरंगांचा काही भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि तो कानाला ऐकू येतो. लातूर-हिंगोलीकडच्या ‘गूढ आवाजां’च्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच असते.

प्रकाश हा अवतरंग आहे, मात्र त्यात कण हलत नाहीत. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे परस्परांना काटकोनात कमीजास्त होत पुढे जातात, म्हणून त्याला माध्यम लागत नाही. निर्वातात त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर. सूर्यप्रकाश पृथ्वीवर यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात, सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा प्रकाश यायला सव्वाचार वर्षे. डोळ्यांना दिसतो तो भाग साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. गॅमा किरणांपासून रेडिओपर्यंतच्या पट्ट्यात ही अगदीच चिंचोळी फट आहे. वातावरण बहुतांश दृश्य प्रकाश आणि रेडिओ तरंग खाली येऊ देते. क्ष-किरण अडतात, त्यांच्यासाठी दुर्बीण अवकाशात न्यावी लागते.

ताऱ्याचे तापमान वाढले की त्याच्या प्रकाशातली सर्वाधिक तीव्रतेची तरंगलांबी आखूड होते. रब्बीत रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याला मृग नक्षत्रातच याचा पुरावा दिसतो. तांबूस काक्षीचे तापमान सुमारे ३,५०० केल्व्हिन, निळसर राजन्याचे १२,००० च्या आसपास. काक्षी सर्वाधिक ऊर्जा अवरक्तात टाकतो आणि राजन्य अतिनीलात. म्हणजे दोघांचाही मुख्य प्रकाश आपल्याला दिसत नाही. दिसतो तो रंग उरलेल्या भागाचा.

वर्णपटातल्या रेषा त्याहून बोलक्या. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांब्यांवरच प्रकाश शोषते किंवा सोडते. हायड्रोजनची ठळक लाल रेषा ६५६.३ नॅनोमीटरला असते. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण दक्षिण भारतातून दिसले. त्या वेळी सूर्यज्वालांच्या वर्णपटात आढळलेली पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. ती हेलियमची होती, आणि हेलियम पृथ्वीवर हाती लागायला १८९५ उजाडले. स्रोत दूर जात असेल तर या रेषा लालकडे सरकतात, जवळ येत असेल तर निळ्याकडे. दीर्घिकांचे वेग याच सरकण्यावरून मोजतात.

दोन तरंग एकमेकांवर पडले आणि शिखरावर शिखर आले तर प्रकाश वाढतो, शिखरावर दरी आली तर मावळतो. या व्यतिकरणाचे आजचे सर्वांत बारीक उपकरण म्हणजे लायगो. अमेरिकेतील दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय तरंग, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणारे तरंग, पकडले. प्रत्येकात ४ किलोमीटरच्या दोन काटकोनी निर्वात नळ्या आहेत. १,०६४ नॅनोमीटरचा लेसर दुभंगून दोन्हींत जातो, आरशांवरून परततो आणि पुन्हा एकत्र येताना जवळजवळ पूर्ण मावळतो. गुरुत्वीय तरंगाने एक बाजू किंचित ताणली, दुसरी आखडली, की तोल ढळून प्रकाश उजळतो. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही काही सहस्रांश असतो.

असेच तिसरे उपकरण, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. जागा निवडताना पाहिले गेले ते जमिनीचे एरवीचे शांतपण, म्हणजे वाहने, कारखाने आणि वाऱ्याने होणारी सततची थरथर किती कमी आहे ते. अधूनमधून येणारा भूकंप हा वेगळा प्रश्न; २०२४ मध्ये याच जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. आरसे लोलकासारखे टांगून रोजची थरथर गाळली जाते, मोठ्या धक्क्याच्या वेळची नोंद मात्र वाया जाते. केवळ दोन उपकरणांनी स्रोत आकाशाच्या लांबलचक पट्ट्यात कुठेतरी आहे एवढेच कळते. भारतातल्या उपकरणामुळे तरंग पोहोचण्याच्या वेळांतील फरक वाढून हा पट्टा बराच आवळता येईल.