ना (शब्द)

ना हा एका अक्षराचा शब्द मराठीत आहे तसाच जगातल्या ढीगभर भाषांमध्येही आहे, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी त्याचं काम वेगळं. यातले काही ना खरोखर एका कुळातले, बाकीच्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, नुसता आवाज जुळतो. असे जुळणारे आवाज दाखवून 'बघा, सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या' म्हणणारे भरपूर भेटतात, त्यामुळे सख्खे कोण आणि नुसते नावाचे कोण हे वेगळं काढलेलं बरं. (एनए प्लॉटमधलं एनए या नोंदीत धरलेलं नाही.)

आधी घरचंच बघू. 'पोरांना शाळेत जाताना सांगितलं ना, तरी एक जण ऐकेना' या एका वाक्यात चार ना आहेत आणि चारही वेगळे. पोरांना मधला ना विभक्तीचा प्रत्यय, त्यात नकाराचा अंशही नाही. जाताना मधला कृदंताचा, जुन्या पुस्तकांत तो 'जातांना' असा अनुस्वार देऊन छापलेला दिसतो. सांगितलं ना मधला जोर द्यायला. आणि ऐकेना मधला अस्सल नकार, पण साधासुधा नाही. 'गाडी सुरू होत नाही' ही नुसती माहिती झाली, 'गाडी सुरू होईना' म्हटलं की माणूस बराच वेळ किक मारतोय आणि घामाघूम झालाय हे न सांगता कळतं. याचंच पुढचं रूप 'असेना का', 'जाईना का'. तिथे नकार पार विरून गेलाय आणि उरलंय ते फक्त 'जाऊ दे, आपल्याला काय'.

नकारवाला ना मात्र खानदानी. संस्कृत न, फारसी न, लॅटिन ने, रशियन न्ये हे सगळे इंडो-युरोपीय कुळातल्या एकाच जुन्या नकारार्थी शब्दाचे वारस आहेत. इंग्रजी नो सुद्धा त्यातलाच, जुन्या इंग्रजीतला ने आणि 'कधीही' अर्थाचा आ जोडून तो बनला. गुजराती, पंजाबी, बंगाली यांचा ना याच घरातला. गंमत म्हणजे ऋग्वेदात न ला दुसराही एक अर्थ आहे, 'सारखा'. पहिल्या मंडलातल्या १५४ व्या सूक्तात विष्णूला 'मृगो न भीमः' म्हटलंय, म्हणजे भयंकर श्वापदासारखा. तिथे नकार समजून वाचलं तर देव भयंकर नाही असा भलताच अर्थ निघेल. आणि दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर सुरूच न ने होतं, तो मात्र पक्का नकार.

मराठीला हा नकार दोन वाटांनी मिळाला. एक संस्कृत-प्राकृताकडून, दुसरी फारसीकडून. नाराज, नालायक, नाइलाज, नापसंत हे फारसी उपसर्गाचे शब्द, आणि यातले लायक, इलाज हे पुन्हा मूळचे अरबी. मराठी माणसाने तो उपसर्ग सरळ इंग्रजी पासला लावला आणि नापास तयार केला, हा आपल्या भाषेतला सगळ्यात यशस्वी संकर म्हणायला हरकत नाही. हरकतीवरून आठवलं, सोसायटीच्या ऑफिसात चकरा मारून मिळवायचं ना हरकत प्रमाणपत्र: ना फारसी धाटणीचा, हरकत अरबी (तिकडे अर्थ हालचाल), प्रमाणपत्र संस्कृत.

'ये ना', 'बसा ना' मधला आग्रहाचा ना कुठून आला? 'येतोस, ना?' म्हणजे येतोस की नाही, अशा प्रश्नातून नकार घासत घासत विनवणी झाला असं मानणं सगळ्यात सरळ आहे. बंगालीत हे फार छान दिसतं, 'जेओ ना' म्हणजे जाऊ नकोस आणि 'बोशुन ना' म्हणजे बसा ना, फरक कळतो तो प्रसंगावरून आणि सुरावरून. जपानीचा आपल्याशी काही संबंध नाही तरी तिथेही 'ताबेरु ना' म्हणजे खाऊ नकोस, 'ताबेना' म्हणजे खा, आणि 'सामुइ ना' म्हणजे गारठा आहे ना! थाई लोक वाक्याच्या शेवटी न लावून बोलणं मऊ करतात, 'पाय न' म्हणजे साधारण 'निघतो हं'. जपानी आणि थाई हे दोन्ही योगायोगाने जुळलेले, पण ऐकताना नातं असल्यासारखं वाटतं खरं.

गोव्यात ना चा वेगळाच मामला. कोंकणीत 'म्हाका खबर ना', 'पैशे ना' इतक्यावर वाक्य पूर्ण होतं, नाही म्हणायची गरजच नाही. आणि १५१० ते १९६१ राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत ना म्हणजे 'मध्ये', 'वर', तोही फक्त स्त्रीलिंगी नामांसाठी: 'ना रुआ' म्हणजे रस्त्यावर. पुल्लिंगी नामाला तोच शब्द 'नु' होतो. साडेचारशे वर्षं एकाच गावात एकाचं 'नाही' आणि दुसऱ्याचं 'मध्ये' सुखाने नांदले.

स्लाव्ह भाषांतला ना म्हणजे 'वर', आणि तो इंग्रजी ऑनचा नातलग, नकाराचा नाही. रशियनमध्ये वस्तू पुढे करून नुसतं 'ना' म्हटलं की 'घे'. चिनीत 'घे' साठी ना आहेच, पण सूर चढता हवा. सूर खाली जाऊन वर आला की 'कोणता', धाडकन खाली पडला की 'ते'. स्वाहिलीत ना म्हणजे 'आणि', 'सोबत', आणि त्यांच्याकडे 'जवळ असणे' हे क्रियापदच या ना वर चालतं: 'निना वातोतो', मला मुलं आहेत, शब्दशः मी-सोबत मुलं. तेलुगूत ना म्हणजे माझं, बोली कन्नडात ना म्हणजे मी, कोरियनमध्येही ना म्हणजे मी. पहिले दोन द्रविड कुळातले नातेवाईक, तिसऱ्याला त्यांच्यात ओढायची घाई करू नये. ग्रीकमध्ये मात्र सांभाळून, तिथे 'ने' हा होकार आहे.

थायलंडमध्ये १९१३ साली आडनावांचा कायदा आला. तिथे राजघराण्याशी नातं सांगणारी काही आडनावं 'न आयुत्थया' अशी असतात. हा न म्हणजे 'येथील', आणि आयुत्थया हे नाव अयोध्येवरून, म्हणजे आपल्याकडे ते अयोध्येकर झाले असते!

तबल्यातला ना हा बोल आहे, अर्थाशी त्याला देणंघेणं नाही. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला टेकवून तर्जनीने किनारीवर, म्हणजे चाटेवर, खणखणीत मारायचं. सहा मात्रांच्या दादरा तालात, धा धिं ना धा तूं ना, तिसरी आणि सहावी मात्रा त्याची. डग्ग्यावर गे आणि दायावर, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्यावर, हा ना एकदम वाजला की धा.

शेवटचा ना टिंबवाला. निमंत्रणपत्रिकेत मंत्र्यांच्या नावाआधी छापतात तो ना. म्हणजे नामदार, इंग्रजांच्या काळात कायदेमंडळाच्या सभासदांना लावायचे, नामदार गोखले त्यातलेच. आमदाराला आ., खासदाराला खा., आणि मंत्रिपद गेलं की पुढच्या फ्लेक्सवर ना. काढून परत आ. छापला जातो.