बाष्पित्रजल : वारसा-रेल्वेवरील वाफेची इंजिने आणि विदर्भातील पाणी

बाष्पित्रजल : वाफेच्या इंजिनाच्या बाष्पित्रात (बॉयलरमध्ये) भरले जाणारे पाणी. ते उकळताना त्यातील क्षार, वायू व गाळ यांमुळे उद्भवणारे दोष आणि त्यांवरील उपाय यांचा विचार या नोंदीत विदर्भाच्या संदर्भात केला आहे.

विदर्भात हा विषय मुख्यतः मूर्तिजापूरहून निघणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज मार्गाशी निगडित आहे. त्याचा एक फाटा कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळला (सु. ११३ किमी.) आणि दुसरा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला (सु. ७६ किमी.) जातो. मार्गाचा आरंभ काही ठिकाणी १९०३ असा दिलेला आढळतो; परंतु या मार्गाची मालकी असलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची स्थापना १९१० ची असल्याने बांधणी त्यानंतर होऊन १९१६ च्या सुमारास पुरी झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेले झेडडी वर्गाचे इंजिन येथे १९२३ पासून चालत होते. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. हा मार्ग वारसा म्हणून जपावा, अशी मागणी परिसरात होत आली आहे. त्यावर पुन्हा वाफेचे इंजिन धावायचे, तर रुळांइतकाच पाण्याचा विचार आधी व्हायला हवा.

या दोन फाट्यांवरील पाणी एका जातीचे नाही. यवतमाळ फाटा बराचसा बेसाल्ट खडकाच्या प्रदेशातून जातो. तेथील विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात. म्हणजे पाणी जड असते. अचलपूर फाटा पूर्णा नदी ओलांडून खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात) शिरतो. येथील गाळाच्या जमिनीतील भूजलात सोडियमचे क्षार, विशेषतः क्लोराइड व बायकार्बोनेट, जास्त असतात. जड पाण्याने बाष्पित्रात थर बसतो, तर खाऱ्या पाण्याने फेस येतो आणि गंज वाढतो. दोहोंना एकच औषध लागू पडत नाही, आणि विदर्भापुरता हाच या विषयाचा गाभा आहे.

थर : वाफ निघून जाते, क्षार मागे राहतात. लिटरमागे १,००० मिग्रॅ. क्षार असलेले १०,००० लिटर पाणी आटले, की बाष्पित्रात १० किग्रॅ. क्षार साचतात. बायकार्बोनेटे तापताच विघटित होऊन कार्बोनेटाचा साका (न विरघळणारा गाळ) होतो; तो पुष्कळदा इंजेक्टर (बाष्पित्रात पाणी ढकलणारे साधन) व त्यापुढील झडपेतच प्रथम दिसतो. कॅल्शियम सल्फेट तापमान वाढेल तसे कमी विरघळते, म्हणून ते सर्वांत तप्त पत्र्यावरच घट्ट बसते. सिलिका मिसळलेला थर तर छिन्नीलाही दाद देत नाही. थर उष्णता अडवतो. त्यामागचा पत्रा पाण्याच्या गारव्याला मुकतो, फुगतो आणि नळ्यांची तोंडे गळू लागतात.

फेस : याच्या कारणाविषयी मतभेद आहेत. तरंगता गाळ हेच मूळ, असे एक जुने मत. विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा निर्णायक, असे दुसरे. शुद्ध पाण्यातले बुडबुडे पृष्ठभागी येताच फुटतात. क्षारांमुळे ते बारीक राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत आणि सूक्ष्म कण त्यांच्या पापुद्र्याला टिकाव देतात. त्यामुळे दोन्ही कारणे एकत्र धरणे अधिक सयुक्तिक. पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळलेले नदीचे पाणी आणि खारे विहिरीचे पाणी एकाच टेंडरमध्ये (इंजिनाला जोडलेल्या पाणी-कोळशाच्या डब्यात) आले, तर ही अवस्था आयती तयार होते. मग गेज ग्लासमधील (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीतील) पातळी फसवी दिसते आणि वाफेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जाते. पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरचे झाकण तडकू शकते. फायरबॉक्सच्या (कोळसा जळतो त्या पेटीच्या) माथ्यावर खरोखर किती पाणी आहे, याचा अंदाज चुकणे हा त्याहून मोठा धोका.

उपायांतील पेच सोड्याचा आहे. चुन्याने पाणी मृदू करण्याची टॉमस क्लार्क यांची पद्धत १८४१ ची. पुढे तिला धुण्याच्या सोड्याची जोड मिळाली. सोडा सल्फेटाचे रूपांतर मऊ साक्यात करतो, पण सोडियम पाण्यातच ठेवतो. यवतमाळकडील पाण्याला हे मानवते. खारपाणपट्ट्यातील पाण्यात निसर्गतःच सोड्याचा अंश असल्याने तेथे आणखी सोडा घालणे म्हणजे फेसाला निमंत्रण. शिवाय बाष्पित्रात सोड्यापासून दाहक सोडा (कॉस्टिक सोडा) बनतो. तो रिव्हेटच्या गळक्या सांध्यांत साठला, तर पोलाद ठिसूळ होऊन तडकते.

फ्रान्समध्ये लुई आर्मां यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास सोडा, फॉस्फेट व टॅनिन (वनस्पतींतील तुरट द्रव्य) यांवर आधारलेली पद्धत रूढ केली. अर्जेंटिनाचे लिव्हियो दांते पोर्ता यांनी तिचा विकास करून पाणी बरेच अल्कधर्मी ठेवायचे, क्षार वाढू द्यायचे आणि प्रभावी फेसरोधकाने फेस दाबायचा, असा मार्ग घेतला. रोज तपासणी होत असेल तरच तो सुरक्षित ठरतो. सणावारी धावणाऱ्या गाडीसाठी मुळातच चांगले पाणी आणणे श्रेयस्कर. दर्यापूर-अंजनगाव भागाला शहानूर धरणाचे पाणी मिळते. सातपुड्याकडून येणारे हे पाणी स्थानिक विहिरींपेक्षा कितीतरी सरस. शेततळ्यातील पावसाचे पाणीही मृदू असते, पण निवळल्याशिवाय वापरू नये.

गंज : वारसा-इंजिनाचे खरे नुकसान उभे असताना होते. रोज तापणाऱ्या बाष्पित्रातून प्राणवायू वाफेबरोबर निघून जातो. थंड, अर्धवट भरलेल्या बाष्पित्रात तो पत्र्याला खड्डे पाडतो. क्लोराइडे या क्रियेला वेग देतात. मॅग्नेशियम क्लोराइडापासून तर उष्णतेने हायड्रोक्लोरिक अम्ल तयार होते. म्हणून हंगाम संपल्यावर बाष्पित्र धुऊन, पूर्ण कोरडे करून आत कळीच्या चुन्याचे तबक ठेवावे, किंवा अल्कधर्मी पाण्याने काठोकाठ भरून ठेवावे. विदर्भातील दमट पावसाळ्यात अर्धवट उपाय निरुपयोगी ठरतात.

पुलगाव-आर्वी (सु. ३५ किमी.) हा वर्धा जिल्ह्यातील नॅरोगेज मार्ग खारपाणपट्ट्याबाहेर आहे, तेथे थराचाच विचार प्रामुख्याने करावा लागेल.