कुएलाप: भिंतीला फुगवटा का येतो?

उत्तर पेरूमध्ये उत्कुबांबा नदीच्या खोऱ्यावर, सुमारे ३,००० मीटर उंचीवर कुएलाप हे प्राचीन दगडी वस्तीचे ठिकाण आहे. इंकांचे राज्य इथवर पोचण्याच्या कितीतरी शतके आधी चाचापोया लोकांनी ते वसवले. वस्तीची लांबी जवळपास ६०० मीटर, आत ४०० हून अधिक गोल घरांची जोती. बाहेरची भिंत काही ठिकाणी २० मीटरच्या आसपास उंच भरते, म्हणून सगळे त्याला किल्ला म्हणतात. पण ही भिंत आधी भराव पेलते, मग शत्रू अडवते. डोंगरमाथा सपाट करायला टाकलेली सगळी दगडमाती तिच्या पाठीवर आहे.

इथले जंगल ढगांत बुडालेले. पाऊस नसला तरी पानांवर धुके साचून ठिबकत राहते. भरावातली चिकणमाती पाणी पिते, जड होते आणि भिंतीला बाहेर ढकलते. जुन्या मोऱ्या तुंबल्या, की सांध्यांतली माती वाहून जाते, दर्शनी चुनखडीचे दगड आतल्या भरावापासून सुटतात आणि भिंतीला फुगवटा येतो. एप्रिल २०२२ मध्ये जोरदार पावसानंतर दक्षिणेकडचा भाग असाच ढासळला.

भिंतीवर उगवलेली झाडे उपटून टाकणे हा सोपा वाटणारा, पण घातक उपाय. मूळ ओढले की दगडही निघतात. खोड जमिनीलगत कापून मूळ जागीच ठेवावे. तेही कुजल्यावर पोकळी उरते आणि पाण्याला आयती वाट मिळते, म्हणून ती भरावी लागते.

उत्खनन शक्यतो जून ते सप्टेंबरच्या कोरड्या महिन्यांत. आधी ताडपत्रीचे उतरते छप्पर आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर, मगच खुरपी. थर ५ ते १० सेंटीमीटरचे. ओली चिकणमाती कोरड्या चाळणीतून पडतच नाही, तिचे गोळे होतात. ती वरून पाणी ओतत चाळावी लागते. ओले खापर लगेच ब्रशने घासले तर वरचा रंग निघून जातो, ते सावलीत वाळू द्यावे. कालमापनासाठीचा कोळसा चिमट्याने उचलून अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायचा. त्यात केसासारखी बारीक मुळे शिरलेली असतात. ती भिंगाखाली काढली नाहीत, तर तारीख खऱ्यापेक्षा अलीकडची येते.

हाडांच्या बाबतीत मात्र नशीब बरे. अशा जंगलाची आम्लधर्मी माती हाडे खाऊन टाकते; इथे चुनखडी ते आम्ल मारते. त्यामुळेच भिंतींच्या पोकळ्यांत ठेवलेल्या मृतांचे अवशेष अभ्यासाला मिळाले.

काम संपल्यावर खड्डा उघडा ठेवला, तर पहिल्याच पावसात त्याचे डबके होते आणि पाणी थेट भरावात मुरते. म्हणून तळाशी पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचे, माती थराथराने ठोकून भरायची आणि वरचा उतार भिंतीपासून दूर, मोरीकडे द्यायचा.