मेंढ्याचा बांबू आणि त्यामागची तीस वर्षे

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाताना साधारण तीस किलोमीटरवर शंभरेक घरांचे मेंढा हे गोंडांचे गाव लागते. शेजारच्या लेखा गावाशी जोडून ते ‘मेंढा-लेखा’ म्हणून ओळखले जाते. सामूहिक वनहक्कांचा, म्हणजे जंगलावर सबंध गावाच्या हक्काचा, विषय निघाला की सुरुवात बहुतेक वेळा २००६ च्या वनहक्क कायद्यापासून होते. मेंढ्याची गोष्ट त्याच्या निदान वीस वर्षे आधी सुरू झाली होती.

स्वातंत्र्यापूर्वी हा जमीनदारीचा मुलूख. जळण, घरासाठी लाकूड, बांबू, मोहफूल, चराई या गरजांसाठी गावाला जंगलात जे मिळे, त्याला निस्तार म्हणत. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली, जंगल सरकारकडे आले, पुढे राखीव झाले. निस्तार कागदावर उरला. प्रत्यक्षात मात्र गार्ड अडवील तो चोर. आणि ज्या बांबूची एक काडी आणायलाही गावकऱ्याला धास्ती वाटे, तोच बांबू सरकारी कराराने सवलतीच्या दरात बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. पुढचा सगळा राग समजून घ्यायचा तर हा विरोधाभास आधी लक्षात घ्यावा लागतो.

ठिणगी पडली धरणांमुळे. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम असे दोन प्रकल्प ठरले होते. १९८४-८५ च्या सुमारास त्यांच्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे होते, आदिवासी नेते लालश्यामशहा महाराज होते. प्रकल्प थांबले. लोक गावी परतले ते एक प्रश्न घेऊन: धरण अडवता येते, तर रोजचा कारभार का हाती घेता येऊ नये? मेंढ्याचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची जोडी याच काळात जमली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावची.

घोषणा सोपी होती, रीत अवघड. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकजणही अडला तर विषय पुढच्या बैठकीला. दारूबंदीचा निर्णय असाच पुन्हापुन्हा बसून झाला. बायांचा सभेतला सहभाग वाढला. निर्णयाच्या आधी माहिती हवी म्हणून ग्रामसभेपासून वेगळा अभ्यासगट बसे, त्यात बाहेरचे जाणकारही येत. जुने निस्ताराचे हक्क कागदोपत्री कुठवर आहेत, हे अशाच बैठकांतून गावाला कळले. मला तर मेंढ्याचा खरा शोध हा अभ्यासगटच वाटतो. आंदोलने पुष्कळ गावांनी केली. वर्षानुवर्षे नेमाने बसून वाचणारी, समजून घेणारी थोडी.

गोटुलासाठी, म्हणजे गोंड तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घरासाठी, जंगलातून लाकूड आणले तेव्हा वनखात्याने बांधकाम पाडले. गावाने ते पुन्हा उभारले, आसपासच्या गावांनीही साथ दिली. नव्वदच्या दशकात मेंढा संयुक्त वनव्यवस्थापनातही, म्हणजे वनखाते आणि गाव यांनी मिळून जंगल सांभाळण्याच्या योजनेतही, शिरले. मधमाश्या न जाळता मध काढण्याची पद्धत गावात रुजली ती याच वर्षांत.

म्हणून कायदा आला तेव्हा गाव तयार होते. २००९ मध्ये मेंढा आणि मारदा ही सामूहिक वनहक्क मिळालेली देशातील अगदी पहिली गावे ठरली. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. तरी बांबू विकता येईना. नव्या कायद्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपज होता, म्हणजे इमारती लाकडात न मोडणारी, गावाच्या हक्काची वनोपज. १९२७ च्या वन कायद्यात तो झाडात मोजला जाई, आणि वनखाते त्याला धरून बसले. हक्क ग्रामसभेचा आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक खात्याच्या कपाटात! परवान्याशिवाय तोडलेला बांबू गावाबाहेर नेता येत नाही, म्हणजे घेणारा येत नाही. मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बांबूला गौण वनोपज मानायला सांगितले. २७ एप्रिलला ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले.

२०१३ मध्ये गावाने आणखी धाडसी पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ चा. विनोबांच्या चळवळीची लाट ओसरल्यावर तो जवळपास विसरलाच गेला होता. मेंढ्याने तो वर काढला आणि खासगी शेतजमिनीची मालकी ग्रामसभेकडे सोपवली. कसणारे तेच राहिले, जमीन बाहेरच्याला विकण्याची वाट बंद झाली. सरकारी अंमल मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला.

तोवर जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले होते, आणि अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, लिलाव स्वतः करू लागल्या होत्या. इथे अडचणी वेगळ्या निघाल्या. २०१७ ला तेंदूचे भाव चढले, पुढच्या वर्षी कोसळले, आणि ठेकेदाराकडे अडकलेले पैसे सोडवण्याची पाळी ग्रामसभांवर आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदू तोडणेच बंद केले: पानांसाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि गावाचे बांबूवर भागत होते.