पार्श्वभूमी: होरा कुणाचा, यवन कोण?

'जाणकारांचा होरा चुकला' असं निवडणुकीनंतर दरवेळी छापून येतं. हा होरा आला पंचांगातून आणि पंचांगात आला ग्रीकमधून. तिथे त्याचा अर्थ ऋतू, वेळ, तास. पंचांगातलं होऱ्यांचं कोष्टक काढून पाहावं. रविवारी सूर्योदयानंतरचा पहिला तास रवीचा, मग शुक्राचा, बुधाचा, चंद्राचा, शनीचा, गुरूचा, मंगळाचा आणि पुन्हा रवीचा. चोवीस तास या क्रमाने मोजले की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, चंद्राला येतो. म्हणून रविवारानंतर सोमवार. वारांच्या क्रमाचं एवढं नेमकं उत्तर दुसऱ्या कुठल्या हिशेबातून मिळत नाही. ग्रहांना इथे जो क्रम लावला आहे तो पृथ्वीपासूनच्या मानलेल्या अंतराचा, शनी सर्वांत दूर आणि चंद्र सर्वांत जवळ. दिवसाचे चोवीस भाग इजिप्तचे, ग्रहांची निरीक्षणं बाबिलोनची आणि त्यांची सांगड घातली ती ग्रीक बोलणाऱ्या ज्योतिष्यांनी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याकडच्या कोरीव लेखांत वार उशिरा दिसतो. मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर, इ.स. 484 मध्ये, 'सुरगुरूचा दिवस' म्हणजे गुरुवार नोंदलेला आहे.

होऱ्याच्या व्युत्पत्तीवरचा वादही जुनाच. 'अहोरात्र' या शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की 'होरा' उरतो, असं काही जण म्हणतात, हे सहाव्या शतकात ज्योतिषी वराहमिहिराने नोंदवून ठेवलंय. युक्ती सुरेख आहे, पण एकट्या होऱ्यापुरतीच चालते. ज्योतिषाच्या त्याच पोथ्यांमधले केंद्र, द्रेष्काण, पणफर, आपोक्लिम, लिप्ता हे शब्दही ग्रीकच, आणि ते अक्षरं गाळून सुटत नाहीत. राशींची नावंही तिथे क्रिय, ताबुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक अशी दिली आहेत. ही ग्रीक नावं पोथीतच राहिली आणि मेष, वृषभ, मिथुन ही त्यांची संस्कृत रूपं घरोघरी पोचली. वराहमिहिराला स्वतःला यात कसली अडचण वाटली नव्हती. यवन (इथे ग्रीक) म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे आणि त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो, असं तो सरळ लिहितो.

हे ज्ञान नेमकं कधी आलं, यावर मात्र अजून एकमत नाही. ग्रीक फलज्योतिष संस्कृतात आणणाऱ्या एका ग्रंथाची छापील आवृत्ती 1978 मध्ये निघाली. तिच्या संपादकाने शेवटच्या श्लोकांतून इ.स. 149 आणि 269 अशी दोन सालं काढली आणि पुढे तीच सगळीकडे उद्धृत होत राहिली. 2010 नंतर दुसरं हस्तलिखित हाती आल्यावर ते श्लोक पुन्हा वाचले गेले आणि ज्या शब्दांतून सालाचे आकडे काढले होते ते आकडेच नाहीत, असा आक्षेप आला. आक्षेपात दम आहे. तरीही जुनी सालं अजून छापली जातातच.

पण सगळ्यात मोठा गुंता आहे तो 'यवन' या शब्दाचा. सिकंदर आणि गांधार शिल्पं पाठ्यपुस्तकात येऊन गेलीत. हा शब्द मात्र तिथे एका ओळीत उरकतात.

आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियातले ग्रीक इराण्यांना आधी भेटले. जुन्या फारसीत ते 'यौन', प्राकृतात 'योन', संस्कृतात 'यवन'. पाणिनीला 'यवनानी' हा शब्द ठाऊक होता आणि ती यवनांची लिपी, असा खुलासा पुढे त्याच्या सूत्रांवर टिपा लिहिणाऱ्या वार्तिककाराने केला. इथवर यवन म्हणजे ग्रीक, हे सरळ आहे. कार्ल्याच्या चैत्यात शिरलं की गोंधळ सुरू होतो. एकवीरेच्या देवळामागच्या त्या लेण्यात अनेक खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत आणि दात्यांची नावं आहेत सिंहध्वज, धर्म अशा वळणाची. हे बौद्ध झालेले ग्रीक, त्यांची इथेच वाढलेली पोरंनातवंडं, की पश्चिमेकडून आलेले कुणीही व्यापारी? धेनुकाकट कुठलं, इथपासून मतभेद आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांत तर दोन टोकं एकाच डोंगरावर आहेत. एका लेण्यात सातवाहन राजाची 'शक, यवन, पह्लव यांचा संहार करणारा' अशी प्रशस्ती, आणि त्याच रांगेतलं दुसरं लेणं कोरवून घेतलं ते उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या एका योनकाने (म्हणजे यवनानेच), आईवडिलांच्या सन्मानार्थ. राजकारणातला यवन आणि दानधर्मातला यवन असे दोन हिशेब तेव्हाही वेगळे ठेवले जात असावेत.

पुढे ग्रीक गेले, शब्द उरला. पश्चिमेकडून जो येईल त्याला तो चिकटत गेला आणि बखरींपर्यंत येता येता यवन म्हणजे मुसलमान असाच अर्थ पक्का झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणाऱ्या, शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात 'यवनवचनांनी' राजभाषेची वाट लुप्त झाल्याची तक्रार आहे. ती वचनं फारसी-अरबी. गंमत अशी की ज्या संस्कृतातून पर्याय घडवले, त्याच संस्कृतात मूळ यवनांचे शब्द केव्हाच मुरलेले होते. आणि अरबीतून तोच आयोनिया 'युनानी' होऊन वेगळ्या वाटेने परत आला. आज ज्याच्या दारावर 'युनानी दवाखाना' अशी पाटी असते तो हकीम आणि कार्ल्याचा खांब देणारा सिंहध्वज शब्दापुरते एकाच गावचे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय पंडितांनी आपलं सगळं ज्योतिष ग्रीकांच्या खात्यात टाकलं, त्यावर चिडून इथल्यांनी सगळंच वेदांत शोधलं. दोन्हींत घाई होती. नक्षत्रं आणि तिथी इथल्या, राशी आणि होरा बाहेरचे, इतका साधा हिशेब मांडायला फार वेळ गेला.

दरम्यान शब्द आपापल्या कामाला लागले. ग्रीकमध्ये बैलाला टोचायच्या अणीला आणि कंपासाच्या रोवलेल्या टोकाला जे म्हणत ते 'केंद्र' आज मतदानाचं आहे, आरोग्याचं आहे आणि दिल्लीतलं सरकारही आहे. लग्नाच्या मुहूर्तात पाहतात ते 'जामित्र', म्हणजे कुंडलीतल्या लग्नराशीपासूनचं समोरचं सातवं स्थान, हा वर्तुळाच्या व्यासाला असलेला ग्रीक शब्द. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात शंकर-पार्वतीच्या लग्नविधीला जी तिथी धरली आहे, ती शुक्ल पक्षातली आणि जामित्र शुद्ध असलेली.