ती रेघ रेल्वेची नाही, कॅनलची आहे

परवा व्हॉट्सॲपवर पुन्हा एक चित्र आलं. सॅटेलाईट नकाशा, आर्वीच्या खालचा भाग, त्यावर ओढलेली लाल रेघ आणि खाली मजकूर: "दादा, पुलगाव-आर्वी लाईनचा विसरलेला फाटा सापडला!" मी ती रेघ नीट पाहिली. पाच किलोमीटरात तीन नाले, आणि तिन्ही नाल्यांपाशी रेघ वरच्या अंगाला वळून, वेलांटी काढून परत आलेली. फाटा आहे हे खरं, पण कालव्याचा. धनोडीचं निम्न वर्धा धरण तिथून फार लांब नाही, एवढंही त्या भल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. असं चित्र पाठवणारा यंदाचा हा चौथा, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

कालवा कसा असतो हे विदर्भात कुणाला शिकवायची गरज नाही. कॅनल म्हणा, भंडाऱ्याकडचे असाल तर नहर म्हणा. टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचे, शेतकरी असाल तर तुम्ही माझ्याहून जास्त जाणता, निदान कोरडा कालवा तरी.

जुन्या औद्योगिक रेल्वेचं तसं नाही. आपल्याकडे ती आली कापूस, कोळसा आणि मँगनीज यांच्यासाठी. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबपासूनचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, त्यावर आजही गाडी जाते. वर्धा-वरोरा लाईन कोळशासाठी टाकली. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली, पण लाईन पुढे बल्लारपूरला गेली आणि आज दिल्ली-चेन्नई गाड्या तिच्यावरून धावतात. म्हणजे तिथे 'हरवलेली लाईन' शोधण्यात अर्थ नाही, ती डोळ्यांसमोर आहे. शोधण्यासारखं उरतं ते खाणींचे आणि जिनिंग-प्रेसिंगचे सायडिंग (मुख्य लाईनपासून आत नेलेले रूळ), मँगनीजच्या पट्ट्यातले ट्रॉलीचे रूळ, आणि 'शकुंतला' या जुन्या छोट्या गाडीच्या लाईनचे गवताखाली गेलेले तुकडे. (आणि कृपा करून शकुंतलेला मीटरगेज म्हणू नका. ती अडीच फुटांची, ७६२ मिलिमीटरची नॅरोगेज. मीटरगेज होती ती अकोला-खंडवा.)

आता घोळ कुठे होतो ते पाहू. वरून पाहिलं तर दोघींची चाल सारखीच. रुंदी एकसारखी, वळणं हळुवार, कधी भरावावर तर कधी खोदकामातून, आणि शेतांचे धुरे तिरपे कापत जाणारी. शेताचा त्रिकोणी तुकडा वेगळा पडलाय म्हणून ती रेल्वेच, असं एकाने मला ठासून सांगितलं होतं. अरे बाबा, भूसंपादन कालव्यासाठीही होतं, आणि त्रिकोणी तुकडा दोन्हीकडे शेतकऱ्याच्याच वाट्याला येतो. 'हळुवार वळण म्हणजे रेल्वे' हा नियम तर डोक्यातून काढूनच टाका. पाण्यालाही हिसका दिलेला चालत नाही. 'जुनं दिसतं' हाही पुरावा नव्हे. रामटेकजवळ खिंडसीचं धरण १९१३ चं आहे. त्याचे कालवे आणि मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणी एकाच जमान्यातल्या.

खरा फरक एकच आहे, आणि तो वरून दिसत नाही. कालव्याला चढता येत नाही.

ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण सगळी गंमत यातच आहे. मुख्य कालव्याचा उतार साधारण ५,००० ला १ असा धरा. म्हणजे किलोमीटरला वीतभर, पाच किलोमीटरला जेमतेम एक मीटर. एवढा बेताचा उतार राखायचा तर कालव्याला जमिनीची एकच पातळी धरून सरकावं लागतं. नाला आडवा आला की तो सरळ ओलांडता येत नाही, कारण नाल्याचं पात्र खोल असतं. मग कालवा नाल्याच्या काठाने वर वर जातो, पात्र उथळ झालं की पलीकडे उतरतो आणि दुसऱ्या काठाने खाली येतो. ही ती वेलांटी. टेकडीचं नाक पुढे आलं तर तिथे उलट बाजूने वळसा.

आगगाडीचं गणित वेगळं. १०० ला १ असा चढ इंजिन चढतं, म्हणजे किलोमीटरला १० मीटर. त्यामुळे रेल्वेवाला नाल्याची पर्वा करत नाही. भराव टाकतो, मोरी किंवा पूल बांधतो आणि सरळ पुढे जातो. मधला उंचवटा चढून पलीकडे उतरतो. एका नाल्याच्या खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात रेघ मधला उंचवटा चढून सरळ गेली असेल तर ती कालव्याची असणं अवघड आहे. त्यासाठी बोगदा किंवा फार खोल खोदकाम लागेल, आणि ते नकाशावर दिसल्याशिवाय राहत नाही.

हे तपासायला गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर घ्या. २०१५ पासून ते फुकट आहे. मोबाईलवर बोटाने रेघा ओढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. रेघेवर 'पाथ' काढा आणि त्याचा उंचीचा आलेख उघडा. इथेच दहातले आठ जण आपटतात. आलेखात करवतीच्या दात्यांसारखे चढउतार दिसतात आणि माणूस ओरडतो, "बघा, चढतेय, रेल्वेच आहे!" डावीकडचे आकडे कुणी वाचत नाही. तो आलेख खिडकीच्या मापाने ताणला जातो. तीन मीटरचा फरक असला तरी डोंगर दिसतो. आणि ही उंचीची माहितीच मुळात अशी आहे की काही मीटर इकडे-तिकडे होणारच. झाडांचे शेंडे मोजले जातात, अरुंद भराव त्यात दिसतही नाही. म्हणून दाते पाहायचे नाहीत, सुरुवात, शेवट आणि मधला कल पाहायचा. पाच किलोमीटरात सगळे दाते चार-पाच मीटरच्या आत असतील आणि रेघ वेलांट्या काढत असेल तर कालवा. वीस मीटर चढून पंधरा मीटर उतरली असेल तर पाण्याचा प्रश्नच मिटला. सातपुड्याच्या पायथ्याला रेल्वेही डोंगराच्या कडेकडेने वळसे घेते हे मान्य, पण तिथे ती सतत चढत असते, आणि ते आकड्यांत दिसतं.

बाकीच्या खुणा जोडीला. मार्च-एप्रिलचं चित्र काढा, जुन्या तारखांची पट्टी त्याच प्रोग्राममध्ये आहे. रेघेच्या खालच्या अंगाला हिरवं आणि वरच्या अंगाला करपलेलं रान दिसलं तर कालवा, कारण पाणी खालीच देता येतं. काटकोनात फुटलेला फाटा दिसला तर वितरिका, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा छोटा कालवा. इंजिन काटकोनात वळत नाही. भरावाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी डबक्यांची माळ असेल तर ती बहुधा रेल्वेच्या भरावासाठी माती काढल्याची जागा.

एक फसवी जागा मात्र लक्षात ठेवा. मोठ्या नाल्याशी रेघ अचानक संपते आणि समोरच्या काठावर पुन्हा सुरू होते. लोक म्हणतात, पूल काढून नेला. तो सायफन असू शकतो. पाणी पात्राखालून गेलेलं असतं. पूल काढून नेला तरी पात्रात खांबांची बुडखी राहतात. ती शोधा.

वणी-चंद्रपूरच्या खुल्या खाणींच्या भागात यातलं काही चालत नाही. तिथे जमीनच उलटीपालटी झाली आहे.

उलट घोळही होतो. तुमसरच्या बाजूला एका रेघेला सगळे 'जुना कॅनल' म्हणत. माझ्या आलेखात ती चौदा मीटर चढून दुसऱ्या खोऱ्यात उतरत होती. मी गेलो. बाभळींमधून बैलबंडीची वाट, मध्ये घडीव दगडांची मोरी, तिच्याजवळच्या मातीत काळी कोळशाची खंगर. पुढे एका गोठ्यात गाय बांधलेली होती ती रुळाच्या तुकड्याला, आणि उंबऱ्याला लोखंडी स्लीपर पालथा टाकलेला. मालकाला विचारलं, इथून कधी गाडी जात होती का? त्याने स्लीपरवर पाय ठेवून तंबाखू मळली.

"गाडी कायची जी? कॅनल हाय थो. पानी नाही आलं कधी."