बॉम्बची धमकी आली किंवा बेवारस पिशवी दिसली तर
(आमची सुरक्षा सेवा घेणाऱ्या नागपुरातील कार्यालयांसाठी)

धमकीचे बहुतेक फोन आणि ई-मेल खोटे निघतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये विमान कंपन्यांना अशा धमक्यांचा नुसता सपाटा लागला होता आणि त्या अफवाच ठरल्या. तरीही खरं-खोटं ठरवणं हे ना तुमचं काम, ना आमच्या गार्डचं. ते बॉम्बशोधक व नाशक पथक करेल. तुमच्याकडून पथकाला एकच गोष्ट हवी असते : तुमच्या मजल्यावरची कोणती वस्तू तुमची नाही. अकाउंट्सच्या कपाटामागची निळी बॅग महिनाभरापासून पडून आहे की आजच आली, हे श्वानाला कळत नाही. तिथं रोज बसणाऱ्याला कळतं.

फोन आला तर कापू नका. समोरच्याला बोलतं ठेवा आणि शेजारच्याला चिठ्ठी सरकवा, म्हणजे तो दुसऱ्या फोनवरून ११२ लावेल. कुठे ठेवलाय, कधी फुटणार, दिसतो कसा, हे सरळ विचारा. विचारायला विचित्र वाटेल, पण कधीकधी उत्तर मिळतं. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, हिंदीत बोलला तर हिंदीतच. मागे स्टेशनवरची घोषणा किंवा रहदारीचा आवाज येत असेल तर तोही टिपा. ई-मेल डिलीट करू नका, आणि ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. पोलीस पोहोचायच्या आत अर्ध्या सीताबर्डीला खबर लागते.

बेवारस वस्तू दिसली की आधी मोठ्याने विचारा, ‘ही कुणाची?’ पुष्कळदा विसरलेला डबा असतो आणि विषय तिथंच संपतो. कुणीच पुढे आलं नाही तर पाहा : मुद्दाम लपवली आहे का? तारा, बॅटरी, टेपची गुंडाळी दिसते का? अशी वस्तू या जागी एरवी असते का? उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरवाला जिन्याखाली खसाच्या ताट्या ठेवून जातो, त्यात नवल नाही. त्याच ताट्यांमागे सुटकेस असेल तर आहे.

संशय आला की हात लावायचा नाही, हलवायची नाही, पाण्यात बुडवायची नाही, वर काही झाकायचं नाही. १५ मीटरच्या आत मोबाईल किंवा वॉकीटॉकी वापरू नका. कुरिअरच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता नसणं, एक बाजू विनाकारण जड असणं, तेलकट डाग, या खुणा एकत्र पाहा. दिवाळीत मिठाईच्या डब्यालाही तेलाचे डाग असतातच. पाकिटातून पावडर सांडली तर झटकू नका. एसी बंद करा, दार ओढून बाहेर या, हात साबणाने धुवा आणि ११२ ला कळवा.

बाहेर पडताना आगीची सवय आड येते. आगीत सामान टाकून, दारं लावून पळायचं असतं. इथे आपली बॅग आणि डबा सोबत न्या, म्हणजे मागे उरेल ते परकं. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. लिफ्ट दोन्ही वेळी नको. पार्किंगमधून गाडी काढायला कुणी जाऊ नये. हे आम्ही प्रत्येक सरावात सांगतो आणि प्रत्येक सरावात कुणीतरी किल्ली काढतंच.

अंतर किती? हातातल्या बॅगेएवढ्या वस्तूपासून किमान १०० मीटर, मोठी सुटकेस किंवा कार असेल तर २००, ट्रक असेल तर ४००. म्हणजे फायर ड्रिलला आपण गेटजवळ उभे राहतो ती जागा बाद, काचेच्या दर्शनी भागाखालची तर आधी बाद. आता मे महिन्यात ४५ अंशांत लोक एवढ्या लांब तासभर कसे थांबतील? सावली आणि पाणी नसेल तर ते हळूहळू इमारतीच्याच सावलीत परततात. जवळच्या एखाद्या मंगल कार्यालयाशी आत्ताच बोलून ठेवा.

इमारत रिकामी करायचा हुकूम कोण देणार आणि तो रजेवर असेल तर कोण, ही दोन नावं आम्हाला लेखी द्या. पोलिसांनी सांगितल्याशिवाय परत आत कुणीही जायचं नाही, साहेबांनीही.

कुणाला ही थट्टा वाटत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१(४) दाखवा : ओळख लपवून धमकी दिली तर मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद.

फोनवरच्या प्रश्नांचा कागद सोबत जोडला आहे. तो रिसेप्शनच्या फोनशेजारी चिकटवा, ड्रॉवरमध्ये ठेवू नका.